भिंतीवर वारली, ताटात पंजाबी

डहाणू रोड स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून समुद्राच्या बाजूने बोर्डीकडे निघालं, की हॉटेलं आणि रिसॉर्टं लागत जातात. भिंतीला गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रेषांची माणसं. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती वळसे घेत नाचणारी रांग, एका कोपऱ्यात भात कांडणाऱ्या बाया. त्याच भिंतीला टेकवलेल्या टेबलावरचं मेन्यूकार्ड उघडलं, की पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, हक्का नूडल्स आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांसाठी पापलेट तवा फ्राय.

"भिंतीवर वारली, ताटात पंजाबी." या सगळ्याला चार शब्दांत गुंडाळणारी मुलगी स्वतः वारली आहे. तलासरीजवळच्या एका पाड्यावर वाढली, हॉटेल मॅनेजमेंट शिकली, मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये कांदा चिरण्यापासून सॉस घोटण्यापर्यंत सगळं केलं, आणि आता तलासरी नाक्याच्या आसपास गाळा शोधते आहे. तिला स्वतःची खानावळ काढायची आहे. तिचे मामा आश्रमशाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. खानावळीत थोडे पैसे त्यांचेही जाणार आहेत, म्हणून मेन्यूवर त्यांचंही मत आहे. आणि ते मत भाचीला मुळीच पटत नाही.

वादाला तोंड फुटलं ते तिच्याच एका प्रश्नाने. मेन्यू ठरवण्याआधी ती भेटेल त्याला विचारत होती: हॉटेलात खाल्लेलं, आजवर सगळ्यात लक्षात राहिलेलं जेवण कुठलं? लोक सांगत होते: कोणी हायवेवरची काठेवाडी थाळी, कोणी उदवाड्याच्या जुन्या पारशी हॉटेलातली बोईची मच्छी, कोणी आगाशीचं भुजिंग. मामांनी मात्र क्षणभरही विचार न करता सांगितलं, "डहाणू रोडला स्टेशनसमोर खाल्लेली राईस प्लेट."

"राईस प्लेट? काय होतं तिच्यात?"

"दोन चपात्या, बटाट्याची भाजी, उसळ, आमटी, भात, पापड. वाटीभर दही."

"चव?"

"चव नाही आठवत."

"मामा, ज्याची चव आठवत नाही ते जेवण लक्षात राहिलं कसं?"

मामांनी सांगितलं ते असं. त्यांचा बाप गवताचे भारे घेऊन डहाणूला यायचा. परतताना चहा प्यायचा, तो हॉटेलच्या पायरीवर उकिडवा बसून. "त्याला कोणी 'आत येऊ नको' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. पायरी कुठे संपते ते त्याला ठाऊक होतं आणि मालकालाही." सत्तरच्या दशकात मामा मास्तर झाले. पहिला पगार झाला त्या दिवशी ते पायरी ओलांडून आत गेले आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसले. पोऱ्याने टेबलावर फडका मारला, पाण्याचा ग्लास पुढ्यात आदळला आणि विचारलं, "काय घेणार?"

"त्याने मला विचारलं, बाय. आणि मी बसून राहिलो. पापडसुद्धा सावकाश खाल्ला."

मामांच्या बापाची पिढी म्हणजे १९४५ ची पिढी. त्या वर्षी २३ मे रोजी झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज ते तलासरी तालुक्यात आहे. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी किसान सभेच्या झेंड्याखाली बांधलेल्या या लढ्याने आधी वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत मोडली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचं, ही लग्नगडी. मग प्रश्न आला मजुरीचा. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये, ही मागणी घेऊन त्याच ऑक्टोबरात संप झाला आणि १० तारखेला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरीबाईंनी पुढे या सगळ्याची हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिली. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

म्हणजे हॉटेलच्या पायरीवर बसणारा तो माणूस बुजरा होता असं समजायचं कारण नाही. गवताला भाव मिळावा म्हणून जी माणसं गोळ्या झेलत होती, त्यांतलाच तो एक. मामा म्हणतात, सावकाराच्या पडवीवर मोर्चा नेणं त्याला जमलं, टेबलाशी जाऊन बसणं नाही जमलं. दोन्हीला लागणारी हिंमत वेगळी.

नागरिकशास्त्राच्या मास्तरांना इथे संविधान आठवणारच. कलम १५ मधला दुसरा पोटभाग ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कशाच्याही कारणावरून कोणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या जागा यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. देशाचा मूळ कायदा लिहिताना शहाण्या माणसांनी त्यात उपाहारगृहाचा उल्लेख करावा, याचं मुलांना नवल वाटायचं. मामा त्यांना मग बडोद्याची गोष्ट सांगायचे.

१९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. मुंबईहून बडोद्याला नेणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची ती लाइन डहाणू रोडवरूनच जाते. बडोद्यात हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी सराईत पारशी नाव लावून राहिले. राहण्या-जेवणाचे रोजचे दीड रुपये ठरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली डझनभर पारशी मंडळी दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. "त्या सराईतलं जेवण कसं होतं हे कोणी विचारतं का?" मामा म्हणतात. "आणि म्हणून ते लक्षात राहायचं राहतं का?"

भाची हे सगळं लहानपणापासून ऐकत आली आहे. तिला ते मान्यही आहे. तिची तक्रार वेगळी आहे.

"तू जे सांगतोस ते खुर्चीचं झालं, मामा. ताटाचं काय? तुला आत घेतलं आणि पुढ्यात काय ठेवलं? बटाट्याची भाजी. आपल्या पाड्यावर तेव्हा बटाटा किती जण खायचे? तू आत गेलास, तुझं जेवण पायरीवरच राहिलं."

मग तिने तिचं लक्षात राहिलेलं जेवण सांगितलं. तेही हॉटेलातलंच, पण मागच्या बाजूचं. ती काम करायची त्या हॉटेलने एका पावसाळ्यात सह्याद्रीच्या रानभाज्यांचा मेन्यू काढला. शहरातल्या बाजारातून शेवळं आली. शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचा कोंब. पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येतो, पानं फुटायच्या आधी. दिसायला देखणा, पण घशाला खाजरा, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि भाजीत काकडाच्या आंबट फळांचा रस घालावा लागतो. काकडाचं झाडही त्याच सुमाराला फळतं. रानाने दोन्हीची वेळ जुळवून ठेवली आहे. मोठ्या शेफना हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी चव घेणाऱ्या सगळ्यांचे घसे धरले.

"कोपऱ्यात मी कोथिंबीर निवडत होते. म्हटलं, काकडं लागतात. कोणाला कळेना. आईला फोन केला, दुसऱ्या दिवशी लोकलने काकडं आली. मी भाजी केली, सुकट घालून, आपल्यासारखी. त्यांनी तिचा चमचाभर गोळा केवढ्या तरी मोठ्या पांढऱ्या बशीच्या मधोमध ठेवला आणि बाहेर पाठवला. उरलेली मी तिथेच, कढईशेजारी उभी राहून भाकरीशी खाल्ली. तसं जेवण मी कुठल्याच हॉटेलात खाल्लेलं नाही."

"उभ्याने," मामा म्हणाले.

"हो, उभ्याने."

दोघंही गप्प झाले. मामांनी खुर्चीत बसून दुसऱ्याचं जेवण खाल्लं होतं, भाचीने स्वतःचं जेवण उभ्याने. बाहेरच्या टेबलावर बसून शेवळाची भाजी खाणारं गिऱ्हाईक तिसरंच कोणी होतं.

भाचीचा युक्तिवाद पुढे जगभर फिरतो. कोपनहेगनमधल्या नोमा या रेस्तराँचं नाव तिच्या कॉलेजात रोज निघायचं. २००३ मध्ये उघडलेल्या या रेस्तराँने आसपासच्या रानातलं, किनाऱ्यावरचं, दगडावरचं शेवाळसुद्धा ताटात आणलं, आणि २०१० मध्ये जगातल्या पहिल्या पन्नास रेस्तराँच्या यादीत ते अव्वल ठरलं. "तिकडे शेफ टोपली घेऊन रानात गेला की ती कला. आपली आजी गेली की ती गरिबी. टोपली तीच आहे ना?"

टोपली तीच नाही, असं मामांचं म्हणणं. तिथे मामांचा आवाज चढतो.

"तुझा तो शेफ रानात जातो तेव्हा त्याच्या घरी धान्य असतं. आम्ही कडूकंद कशाला खाल्ला? कणग्या रिकाम्या झाल्या म्हणून. राखेत उकडायचा, चकत्या करायच्या, टोपलीत घालून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा जायचा. कधी जायचा नाही. तरी खायचो. तुला ती पाककृती वाटते. मला आषाढ आठवतो."

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. याच जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा राज्यभर हलकल्लोळ झाला होता. पुढे २०१५ मध्ये सरकारने आदिवासी भागांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम, चौरस जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. ज्या मुलखात जेवणासाठी सरकारी योजना लागते, तिथल्या टंचाईतलं खाणं चिनी मातीच्या बशीत मांडून त्याचे पैसे घ्यायचे, हे मामांना कसंसंच वाटतं. आठवण राहते म्हणून ती विकायचीच, असं कुठे आहे?

"मग टंचाईतलं नको," भाची म्हणते. "सणातलं घेऊ. नवं धान्य आलं की आधी कणसरीला दाखवतो आणि मग खातो, ते जेवण टंचाईचं आहे का? नवा भात, उडदाची डाळ, चवळी, काकडी. ते कुठल्या हॉटेलात मिळतं?"

मामांना यावर लगेच उत्तर सुचलं नाही. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता. तिला डावलून बोलणं अवघड.

डहाणूत हॉटेलचा विषय निघाला, की इराण्यांचा निघतोच. गावात इराणी रोडच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला याझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री माणसांपैकी कित्येकांनी मुंबईत कोपऱ्या-कोपऱ्यावर हॉटेलं टाकली. काहींनी डहाणू-घोलवडला जमिनी घेतल्या आणि चिकूच्या बागा लावल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या बागांतून लांब काठीला जाळी बांधून चिकू उतरवणारे हात बहुतेक आदिवासींचे.

मामांचा इराण्यांवर लोभ आहे. मुंबईत शिकायला असताना ते इराण्याच्या हॉटेलात तासन् तास बसत. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून मस्का आणि चहा. एका टेबलावर गिरणी कामगार, वकील आणि बेकार कवी. कयानी १९०४ चं, ससानियन १९१३ चं, मेरवान १९१४ चं. "कोणी जात विचारली नाही," मामा म्हणतात. "पैसे टाका, बसा."

भाचीने इराण्यांचाच दाखला उलटा फिरवला.

"तो इराणी तुला काय द्यायचा? मस्का पाव, ऑम्लेट, खिमा, मावा केक. यात याझ्दचं काय होतं? पाव गोव्याचा, केक साहेबाचा. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या जिभेचं रांधलं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ मध्ये निघालं ते गोऱ्या साहेबांना जेवू घालायला. ज्यासाठी लोक आज तिथे रांग लावतात तो बेरी पुलाव १९८० च्या दशकात आला. इराणहून आणलेल्या आंबट बेरी घातलेला, घरच्या बाईच्या हातचा. त्यांना जे करायला साठ वर्षं लागली ते मी पहिल्या दिवशी करू म्हणते, एवढंच."

"करू शकले, कारण गल्ल्यावर तेच होते," मामा म्हणाले.

बोलता बोलता मामा हे बोलून गेले आणि वादाची दिशाच बदलली. ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी वारले. शेवटपर्यंत टेबला-टेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांची चौकशी करणारा हा म्हातारा मुंबईभर माहीत होता. त्यांना पुलाव कधी आणायचा हे ठरवता आलं, कारण हॉटेल त्यांच्या घरचं होतं. शेवळाची भाजी बशीत किती ठेवायची हे भाचीला ठरवता आलं नाही. डहाणूच्या हॉटेल व्यवसायात वारली माणूस सगळीकडे आहे: मोरीवर आहे, भट्टीपुढे आहे, ऑर्डर घेताना आहे, पार्किंगमध्ये शिट्टी वाजवताना आहे. गल्ल्यामागे तो क्वचित दिसतो.

भिंतीवर मात्र तो नक्की असतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ही चित्रं मुळात लग्नघरातल्या भिंतीवरची, सवाशिणींनी काढायची. त्यांचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा. भाची म्हणते, आमचा तांदूळसुद्धा भिंतीवरच गेला. आता तिथे ऑइलपेंट असतो, तो भाग वेगळा.

"तू म्हणतोस खुर्ची महत्त्वाची," ती पुढे म्हणाली. "अमेरिकेत काय झालं ते तूच वर्गात शिकवायचास."

मामा शिकवायचे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग इतर गावांतही असेच लोक बसू लागले. २५ जुलैला अखेर काउंटर सर्वांना खुला झाला. त्या काउंटरचा एक तुकडा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तिथे मिळणारी कॉफी कशी होती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

"बघ," मामा म्हणाले. "कॉफी कशीही असो."

"आणि काउंटर उघडला त्या दिवशी पहिल्यांदा तिथे बसून कोण जेवलं? ते विद्यार्थी नाहीत. त्याच दुकानात काम करणारी कृष्णवर्णीय माणसं. एका बाईने अंड्याच्या सॅलडचं सँडविच मागवलं. तोवर ती आत राबत होती. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक मागच्या दारातलंच होतं, मामा. मला तेच पाहिजे. माझ्या खानावळीत आत राबणाऱ्या बाईने दुपारी बाहेर येऊन टेबलावर बसावं आणि आपलंच जेवण मागवावं."

"पैसे देऊन?"

"पगारातून कापणार नाही. पण बसायचं टेबलावर."

मामांना हे आवडलं, हे त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं.

तरीही त्यांनी शंका काढल्याच, आणि त्या धंद्याच्या होत्या. शेवळं मिळतात ती मेच्या अखेरीपासून फार तर जुलैपर्यंत. मग? हायवेवरच्या गिऱ्हाइकाला आज खाल्लेलं पुढच्या फेरीलाही हवं असतं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर, चारोटी, तलासरी, आच्छाड असं जाताना धाबेवाल्यांनी जे टिकवलं ते यामुळेच: सेव-टमाटा बारा महिने सेव-टमाटाच. रानभाजीला असं बांधून ठेवता येत नाही. कोळी भाजी पहिल्या पावसाची, टाकळा त्यानंतरचा, कुर्डू, भारंगी आपापल्या वेळी. दिवाळीनंतर कंद, हिवाळ्यात वालाच्या शेंगा. कृषी विभाग २०२० पासून ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला रानभाजी महोत्सव भरवतो. बचत गटांच्या बाया भाज्या मांडतात, फोटो निघतात, आणि ऑगस्ट संपतो.

भाचीचं उत्तर तयार होतं. ताट ठरलेलं राहील, वाटी बदलेल. भात, उडदाची डाळ, नागलीची किंवा तांदळाची भाकरी, लसूण-मिरचीचा ठेचा आणि सुकं बोंबील किंवा सुकट बारा महिने. सुकी मच्छी किनाऱ्यावरच्या मांगेला मच्छीमारांकडून येईल, जशी ती आठवडी बाजारातून पाड्यांवर येतच असते. एक वाटी रानाची, त्या आठवड्याला जे निघेल ते. खोटं काही नाही, फ्रीझरमधलं नाही.

मच्छीचं मात्र पुढे कसं होईल हे तिला सांगता येत नाही. डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटी रुपयांचं बंदर होणार आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली आणि ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला जोरदार विरोध आहे. पापलेट, म्हणजे सरंगा, २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. "राज्यमासा झाला म्हणजे आता भिंतीवर काढतील," असं मामा यावर म्हणाले.

मग दराची गोष्ट निघाली. मामांच्या डोक्यात आकडा पक्का होता: १० रुपये. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचा दर तेवढाच होता. दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. भाचीने हिशोब मांडला. त्या थाळीमागे सरकारचं अनुदान होतं, तिच्यामागे बँकेचं कर्ज असेल. शिवाय रानात जाऊन भाजी आणणाऱ्या बाईला दिवसाची मजुरी द्यायची आहे. "१९४५ मध्ये गवताला भाव मागितला ना? आता भाजीला मागू दे."

मामांनी दर सोडला, पण अटी घातल्या. पहिली, खुर्च्या-टेबलं हवीत, लाकडी, पाठ असलेली. रिसॉर्टवाले हल्ली गावचं वातावरण म्हणून पाहुण्यांना पत्रावळ देऊन खाली बसवतात. ते इथे चालणार नाही. "शहरातला माणूस हौसेने खाली बसतो आणि उठून गाडीत बसतो. आपला माणूस येईल तो वर बसायला येईल." दुसरी, पंखा. तिसरी, भिंतीवर चित्र काढायचं नाही.

तिसऱ्या अटीला भाची चटकन हो म्हणाली. पहिलीवर तिला वाटलं होतं की भांडण होईल, पण मुंबईत वर्षानुवर्षं उभं राहून काम केलेल्या मुलीला खुर्चीचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

अडलं ते कडूकंदावर. तिला तो हिवाळ्यातल्या एका दिवशी तरी ठेवायचा आहे, तिळाच्या कुटाबरोबर. ती म्हणते, जे आजीने रात्रभर ओहोळात ठेवून गोड करून घेतलं ते शहाणपण मी लपवून ठेवणार नाही. मामा म्हणतात, ठेव, पण त्या दिवशी मी जेवायला येणार नाही.

"नको येऊस. पण बोर्डवर लिहून ठेवणार, मामांना आवडत नाही म्हणून."

"लिही. आणि त्याच्याखाली हेही लिही, की त्या दिवशी राईस प्लेट मिळेल."

"बटाट्याच्या भाजीची?"

"बटाट्याच्याच. पापड पाहिजे, वाटीभर दही पाहिजे. आणि पोऱ्या नको, तू स्वतः येऊन विचारायचं, काय घेणार म्हणून."

अन्न नोंदणीचा फॉर्म तिने मोबाइलवर उघडला होता; लहान धंद्याला वर्षाची फी १०० रुपये. व्यवसायाचं नाव लिहायच्या रकान्यापाशी ती थांबली. मामांनी सुचवलं, 'विश्रांती'. ती म्हणाली, त्या नावाची या रस्त्यावर आधीच पुरेशी आहेत. तिला 'कणसरी' हवं होतं. देवीचं नाव ठेवून त्याखाली सुकट विकायची का, यावर ते दोघं पुन्हा सुरू झाले.